हिरडीजवळ दात झिजतोय? ब्रश धरण्यापासून सुरुवात करा

गार पाण्याने एखाद्याच दातात सळक जाते आणि नख फिरवलं तर हिरडीच्या कडेला खाच लागते. ती टणक, गुळगुळीत असेल तर बहुतेक झीज असते. मऊ, चिकट किंवा काळपट असेल तर किडीची शंका घ्यावी. खात्री मात्र दंतवैद्याकडूनच करून घ्या.

एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, हिरडीपाशी अगदी पातळ असतं. हिरडी मागे सरकली की उघड्या पडलेल्या मुळावर तर ते नसतंच. एकदा झिजलेलं एनॅमल परत येत नाही, म्हणून सवय आजच बदलायला हवी.

आधी आरशासमोर गाल बाजूला ओढून पाहा. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बरेचदा डावीकडच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या उपदाढांवर पडतो. खाचा तिथेच जास्त असतील तर पहिला संशय ब्रशवर.

ब्रश ‘सॉफ्ट’च घ्या. मुठीत आवळू नका, पेनसारखा बोटांत धरा. जोर आपोआप कमी होतो. वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट पुरते. केस हिरडीच्या कडेवर 45 अंशांत टेकवा, दोन-तीन दातांवर जागच्या जागी हलकेच दहा-पंधरा वेळा हलवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्या. असं सगळीकडे, 2 मिनिटं, सकाळी आणि रात्री. करवतीसारखं आडवं घासणं पूर्ण बंद. नव्या ब्रशचे केस महिन्याभरातच फाकले, तर जोर अजून जास्त आहे असं समजा.

राखुंडी, कोळसा, मीठ, खरखरीत दंतमंजन हे सगळं सोडा. बोटाने लावलं तरी कण घासतातच. मशेरी तर भाजलेली तंबाखू आहे. तिच्यामुळे हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही असतो.

आंबटाचं गणित बहुतेकांचं इथे चुकतं: सकाळी लिंबूपाणी प्यायचं आणि लगेच ब्रश करायचा. आम्लाने एनॅमलचा वरचा थर काही वेळ मऊ पडतो आणि त्यावर ब्रश फिरला की तो निघून जातो. ब्रश आधी करा, लिंबूपाणी नंतर. कैरी, चिंच, कोला, सरबत यांनंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि ब्रशला निदान अर्धा तास हात लावू नका. कोला तोंडात घोळवत, तासभर घोट घोट पिणं सगळ्यांत वाईट. घशाशी वारंवार आंबट पाणी येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तेही आम्लच आहे.

झोपेत दात खाण्याने हिरडीजवळ खाच पडते का, यावर दंतवैद्यांत एकमत नाही. पण सकाळी जबडा आखडत असेल तर तपासणीत तेही सांगा.

पोटॅशियम नायट्रेट असलेली, सळकीसाठीची टूथपेस्ट रोज वापरली तर सळक कमी व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका. खाच खोल असेल तर दाताच्या रंगाचं फिलिंग करतात, पण घासणं जुनंच राहिलं तर फिलिंगच्या कडेने दात पुन्हा झिजतो. गरम लागल्यावर कळ रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणका येत असेल, तर पेस्टवर वेळ घालवू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.