उमेदवाराची इमिग्रेशनवरची भूमिका शोधताय? या चुका टाळा

दर दोन वर्षांनी अमेरिकेत निवडणुकीचा नोव्हेंबर जवळ आला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. डावीकडे उमेदवारांची नावं, उजवीकडे हिरवा नाहीतर लाल रंग. हिरवा म्हणजे इमिग्रेशनच्या बाजूने, लाल म्हणजे विरोधात. करणाऱ्याची तळमळ खरी असते, पण मूळ नोंदी उघडून वाचलेल्या नसतात. त्या तक्त्यावर विसंबून मत देणाऱ्या घरांत कुणाचं ना कुणाचं ग्रीन कार्ड अडकलेलं असतं, म्हणून मला हे मनाला लागतं.

प्रश्न न वाचता उत्तर वाचणं

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच. २०२४ च्या दिवाळीत, मतदान चार-पाच दिवसांवर असताना, मैत्रिणीचा मुलगा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. एक छोटा प्रोग्राम लिहून त्याने तासाभरात शेकडो मतांची यादी ओढून घेतली होती. चिवड्याची वाटी बाजूला सारून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "मावशी, हे बघ, थॉमस मॅसी आपल्या बाजूचा आहे."

केंटकीच्या मॅसींच्या नावापुढे हिरवा रंग होता, कारण त्यांनी एच. आर. २ या विधेयकाच्या विरोधात मत दिलं होतं. हे ते सिक्युअर द बॉर्डर अ‍ॅक्ट. सीमेवर भिंत, आश्रयाचे नियम कडक, असं रिपब्लिकनांचं विधेयक. ११ मे २०२३ ला ते २१९ विरुद्ध २१३ असं प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. एकाही डेमोक्रॅटने बाजूने मत दिलं नाही आणि दोन रिपब्लिकन विरोधात गेले. त्यातले एक मॅसी. पण त्यांचा आक्षेप ई-व्हेरिफायच्या सक्तीला होता. माणूस कामावर ठेवताना केंद्र सरकारकडून पडताळणी करून घ्यावी लागणं त्यांना मान्य नव्हतं. त्याचा आपल्या ग्रीन कार्डाशी काडीचा संबंध नाही. मत एकच, 'नाही', पण देणाऱ्यांची कारणं दोन टोकांची.

पुढे आणखी घोळ निघाला. विधेयकांचे क्रमांक दर दोन वर्षांनी पहिल्यापासून सुरू होतात. संसदेच्या दोन वर्षांच्या मुदतीलाच इथे 'काँग्रेस' म्हणतात आणि तिला स्वतःचा क्रमांक असतो. सीमेचं एच. आर. २ हे ११८ व्या काँग्रेसमधलं. ११६ व्या काँग्रेसमधलं एच. आर. २ रस्ते-पूल बांधण्याचं होतं. मुलाच्या प्रोग्रामने दोन्ही एकत्र केली होती, त्यामुळे पुलांसाठी दिलेली मतं इमिग्रेशनच्या रकान्यात जाऊन बसली होती. रात्री साडेबारापर्यंत आम्ही एकेक नोंद उघडून तपासली. तोवर तो तक्ता तीन ग्रुपांवर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती टाकली, पण ती फारशी कुणी पुढे पाठवली नाही.

माझी सवय साधी आहे. वहीत आधी काँग्रेसचा क्रमांक लिहायचा, मग मतदान नेमकं कशावर होतं ते. विधेयक मंजूर करण्यावर? समितीकडे परत पाठवण्यावर? की नुसती चर्चा सुरू करण्यावर? उमेदवाराचं मत तिसऱ्या रकान्यात. हा क्रम मी कधीही उलटा करत नाही. ७ फेब्रुवारी २०२४ ला सिनेटमध्ये सीमेविषयीच्या तडजोडीच्या विधेयकावर चर्चा सुरू करायचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५० असा पडला. ते विधेयक पुढे रेटणाऱ्या चक शूमर यांचंच मत तिथे 'नाही' दिसतं. पडलेला प्रस्ताव पुन्हा आणायचा तर जिंकलेल्या बाजूने मत दिलेलं असावं लागतं, म्हणून शेवटी त्यांनी ते बदललं. नुसता रकाना पाहणाऱ्याला हे कसं कळणार?

झालंच नाही ते मतदान शोधणं

रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांमध्ये कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्या लोकांची रांग दशकांची झाली ती यामुळे. ती मर्यादा काढणारं एच. आर. १०४४ प्रतिनिधीगृहात १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. तिथे प्रत्येकाचं मत नावानिशी सापडतं. सिनेटने मात्र आपलं वेगळं विधेयक, एस. ३८६, २ डिसेंबर २०२० ला एकमुखी संमतीने मंजूर केलं. म्हणजे कुणी हरकत घेतली नाही, इतकंच. कुणाचंही मत नोंदलेलं नाही. दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि मुदत संपताच विषय बारगळला.

तरीही दर निवडणुकीत कुणीतरी विचारतं, "आपल्या सिनेटरने तेव्हा काय मत दिलं?" आणि कुणीतरी ठोकून उत्तरही देतं. अशा वेळी काँग्रेशनल रेकॉर्ड उघडावा, सभागृहात कोण काय बोललं ते तारीखवार तिथे मिळतं. २०१९ मध्ये एस. ३८६ मांडणारे सिनेटर माइक ली यांनी हीच संमती मागितली तेव्हा वेगवेगळ्या वेळी रँड पॉल, डेव्हिड पर्ड्यू आणि डिक डर्बिन यांनी हरकत घेतली होती. दोन रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. पक्ष पाहून भूमिका ठरवणाऱ्यांनी ही तीन नावं एका ओळीत लिहून पाहावीत.

थोडक्यात सांगण्यासारख्या

विधेयकाला पाठिंबा म्हणून सही करणारा सदस्य म्हणजे सहप्रायोजक. त्या यादीत उमेदवाराचं नाव दिसलं की लोक खूश होतात. त्यापुढची तारीख पाहा. पहिल्या दिवशी सही करणारा आणि निवडणुकीच्या तोंडावर करणारा यांत फरक आहे. काही जण नाव मागेही घेतात, तेही काँग्रेस डॉट गव्ह या संसदेच्या अधिकृत साइटवर दिसतं.

एफईसीच्या, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाच्या यादीत देणगीदारांची आडनावं वाचून "याला देसाई-पटेलांनी पैसे दिलेत, म्हणजे हा आपला" असं ठरवू नका. देणगीवरून भूमिका सिद्ध होत नाही आणि शेजाऱ्याने कुणाला किती दिले हे ग्रुपवर टाकणं मला अजिबात पटत नाही.

उमेदवाराच्या आडनावाचंही तेच. मिशिगनचे श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे, याचा आनंद मलाही आहे. पण त्यांची भूमिका जाणून घ्यायला मी त्यांची मतंच उघडते.

एआयला विचारून आलेला सारांश मूळ नोंद न उघडता पुढे पाठवू नका. घाई असेल तर काहीच पाठवू नका.

वेबसाइट नंतर बघू म्हणणं

प्रचाराची वेबसाइट बदलते. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली की शब्द मऊ होतात, कधी अख्खा परिच्छेद जातो. आमच्याच भागातल्या एका उमेदवाराचा इमिग्रेशनचा विभाग मी मे महिन्यात वाचला होता, सप्टेंबरमध्ये तो नव्हता. माझ्याकडे प्रत नव्हती. वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर एप्रिलची एक सापडली म्हणून निभावलं. तेव्हापासून पान पहिल्यांदा उघडलं की त्याच क्षणी पीडीएफ करते, फाइलच्या नावात तारीख टाकते आणि पानाचा पत्ता वेबॅकमध्ये जतन करते. पाच मिनिटांचं काम आहे.

"नवा आहे, रेकॉर्डच नाही"

बहुतेक वेळा असतं. उमेदवार आधी राज्याच्या विधिमंडळात असेल तर तिथली मतं पाहा. न्यू जर्सीत डिसेंबर २०१९ मध्ये कायदेशीर दर्जा नसलेल्यांनाही वाहन परवाना देणारा कायदा झाला. त्या वेळी आमदार असलेल्या प्रत्येकाचं मत नोंदलेलं आहे. कौंटीत किंवा नगरपालिकेत असेल तर बैठकांची इतिवृत्तं वाचा. स्थानिक पोलिसांनी इमिग्रेशन खात्याशी करार करावा की नाही, असे ठराव तिथे येतात. वाचायला कंटाळवाणी असतात, पण मला सर्वांत स्पष्ट वाक्यं तिथेच मिळाली आहेत.

तिथेही काही नसेल तर टाउन हॉलला, म्हणजे उमेदवाराच्या मतदारांशी होणाऱ्या जाहीर सभेला जा. "तुम्ही इमिग्रेशनच्या बाजूने आहात का?" असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतात. मी चिठ्ठीवर लिहून नेते: "देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा काढणाऱ्या विधेयकावर तुम्ही सहप्रायोजक म्हणून सही कराल का?" उत्तर शब्दशः उतरवून घेते, खाली तारीख आणि जागा लिहिते.