मेला नाहीये, लपलाय : मत्स्यालयाच्या पाट्या करताना

रविवारी दुपारी कुठल्याही मत्स्यालयात जा आणि टाकीपाशी नुसते कान देऊन उभे राहा. "याचं नाव काय?" हा प्रश्न फारसा ऐकू येणार नाही. ऐकू येतं ते "हा मेलाय का?" त्याखालोखाल "खरा आहे का?", "चावतो का?" आणि मोठ्या माणसांचा हमखास प्रश्न, "हा खातात का?" मी सलग तीन रविवार वही घेऊन उभी होते. वहीत या चार प्रश्नांच्या पुढे रेघा मारून मारून पान भरलं. आणि टाकीखालच्या जुन्या पाटीवर होतं वैज्ञानिक नाव, कुळ, आढळ, लांबी आणि आहार. चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

मत्स्यालयांच्या पाट्या-फलक करण्याच्या या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी मला अधूनमधून विचारलं आहे की सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे : सॉफ्टवेअर नंतर उघडा, आधी तीन रविवार उभे राहा.

मी स्वतः आले ती आडवाटेने. उपयोजित कलेचं शिक्षण झालं, मग सहा वर्षं मसाल्याच्या पाकिटांची आणि लोणच्याच्या लेबलांची कामं केली. एका शहरातल्या सार्वजनिक मत्स्यालयाचं नूतनीकरण निघालं. कंत्राट मिळालेल्या कंपनीला मराठी नीट येणारा डिझायनर हवा होता, कारण त्यांचे सगळे फलक इंग्रजीत तयार होते आणि "मराठी नंतर टाकू" असं ठरलेलं होतं. हे "नंतर टाकू" तुम्हालाही ऐकावं लागेल. मराठी मजकूर इंग्रजीच्या उरलेल्या जागेत कोंबला की काय होतं ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट नावांची. प्राण्यांची यादी आम्हाला मिळाली ती इंग्रजी आणि लॅटिन नावांची. मराठी नावं कोणीतरी शब्दकोशातून काढून दिली होती. त्यात 'विदूषक मासा' होता, 'सिंहमासा' होता, आणि खेकड्याला 'कर्क' लिहिलं होतं. ती यादी घेऊन मी पहाटे मासळी बाजारात गेले. कोळणींनी मला तासाभरात शहाणं केलं. खेकडा म्हणजे मुंबई-रायगडकडे चिंबोरी, मालवणकडे कुर्ली. पापलेट तिकडे सरंगा. शार्क म्हटलं तर कोणी बघत नाही, मुशी किंवा मोरी म्हटलं की लगेच ओळख. लॉबस्टर म्हणजे शेवंड. एका मावशींनी तर माझ्या हातातलं चित्र उलटं धरलं आणि म्हणाल्या, "लेपा हाय, पन तू त्याला उभा काडलायस. तो आडवा असतो." (लेपा म्हणजे तळाशी आडवा पडून राहणारा चपटा मासा.) वैज्ञानिक नाव तपासायला ऑनलाइन सूची आहेत आणि क्युरेटर (मत्स्यालयातल्या प्राण्यांचे जाणकार) आहेत, पण मराठी नाव बाजारातच तपासावं लागतं. आम्ही शेवटी असं ठरवलं की किनाऱ्यावर ओळखीचा असलेल्या प्राण्याची दोन-तीन नावं शेजारी शेजारी द्यायची, आणि बाहेरून आलेल्या प्राण्याला ओढूनताणून मराठी नाव चिकटवायचं नाही. क्लाउनफिशला क्लाउनफिशच लिहिलं. मुलं तशीही त्याला कार्टूनमधल्या नावानेच हाक मारतात.

"खातात का?" या प्रश्नाला नाक मुरडणारे क्युरेटर भेटतील. माझं मत उलटं आहे. महाराष्ट्रात माशाशी बहुतेकांची ओळख ताटातूनच होते, मग पाटीने तिथूनच हात धरावा. पापलेटच्या चित्राखाली आम्ही लिहिलं की हा ताटातला पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. खाली पावसाळी मासेमारी बंदीबद्दल दोन ओळी : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात का जात नाहीत, आणि या दिवसांत अंडी आणि पिल्लं वाचली नाहीत तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येईल. हा फलक लोक थांबून वाचायचे. शेजारचा 'सागरी जैवविविधतेचे महत्त्व' हा सुंदर फलक कोणी वाचला नाही. तोही मीच केला होता.

आता मजकूर. टाकीसमोर माणूस काही सेकंद थांबतो, त्यातले निम्मे मासा शोधण्यात जातात. एका प्राण्याला चाळीस-पन्नास शब्द मिळाले तरी खूप. त्यातही पहिली ओळ डोळ्यांना कामाला लावणारी हवी. लेप्याचा मूळ मजकूर असा होता : "हा मासा समुद्राच्या तळाशी वालुकामय भागात आढळतो. परिसराशी एकरूप होण्याची विलक्षण क्षमता त्याच्या ठायी असते." मी लिहिलं :

"मेला नाहीये, लपलाय. वाळूत दोन डोळे शोधा. दोन्ही एकाच बाजूला आहेत ना? पिल्लू असताना एक इकडे होता, एक तिकडे. वाढता वाढता एक डोळा सरकून दुसऱ्याशेजारी आला."

'नाहीये' आणि 'लपलाय' या बोली रूपांवरून बैठकीत अर्धा तास वाद झाला. सरकारी जागेत अशी भाषा चालेल का, वगैरे. मी वही काढून रेघा दाखवल्या. लोक ज्या भाषेत विचारतात त्याच भाषेत उत्तर आहे, एवढंच म्हणाले. चाललं.

तसाच 'विषारी' हा शब्द. लायनफिशच्या पाटीवर नुसतं 'विषारी' लिहिलं की निम्म्या लोकांना वाटतं, खाल्ला तर मरतो. त्याचं विष पाठीवरच्या काट्यांत असतं, टोचलं तर बाधतं. म्हणून 'काट्यांत विष' लिहायचं. मोरे ईल हा सापासारखा लांब मासा. ती सतत तोंड उघडझाप करते, लोकांना वाटतं अंगावर येतेय. ती कल्ल्यांवरून पाणी फिरवत असते, म्हणजे श्वास घेत असते. ही एक ओळ पाटीवर आल्यावर त्या काचेवरचं टकटक करणं कमी झालं, निदान मी उभी होते तेव्हा. 'काचेवर टकटक करू नये' हे तर सगळीकडे लिहिलेलं असतं आणि कोणी ऐकत नाही. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली हालचाल आणि कंप टिपणारी एक रेषा असते, काचेवरचा ठोका त्याला असा थेट जाणवतो. हे कारण आम्ही सूचनेसोबत दिलं. कारण कळलं की मुलंच आईवडिलांना हटकतात.

देवनागरीच्या अक्षरांवर मी तासभर बोलू शकते, इथे थोडक्यात. मत्स्यालयात फलक बहुधा गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचे असतात. बारीक वजनाचा (म्हणजे बारीक रेघांचा) फॉन्ट घेतला की छपाईत शिरोरेषा भरून येते किंवा अंधारात गायब होते. मध्यम वजन घ्या. मुक्त, बलू असे मोफत आणि चांगले फॉन्ट आता आहेत, सबब चालणार नाही. इंग्रजीच्या सवयीने दोन अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार एकमेकांत अडकतात. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, तेही बघून घ्या. आकाराचा ढोबळ हिशेब असा : ३ मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षराची उंची साधारण २५ मिलिमीटर हवी. ती मोजायची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, मात्रा सोडून.

आणि आता माझी फजिती. प्रवेशदालनातला सगळ्यात मोठा फलक, आठ फूट लांब : 'खाऱ्या पाण्यातले मासे'. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आला होता, तो युनिकोडमध्ये बदलताना 'खाऱ्या'चं 'खार्या' झालं. मी प्रूफ स्क्रीनवर पाहिलं, रंग तपासले, कडा तपासल्या, शब्द वाचलाच नाही. फलक लागला. उद्घाटनाच्या दिवशी एक निवृत्त शिक्षक आत आले, चष्मा वर केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे खार्या म्हणजे काय, गुजराती आडनाव का?" आठ फुटी बोर्ड पुन्हा छापला, खर्च माझ्या बिलातून गेला. तेव्हापासून ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द मी आधी शोधते, आणि छपाईला फाईल देताना सगळं कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांची चित्रं करूनच) देते, प्रूफ मात्र कागदावर काढून मोठ्याने वाचते.

यापुढची खोच उजेडाची. आपण घरी ट्यूबलाइटखाली रंग ठरवतो आणि फलक लागतो निळ्या दिव्यांखाली. प्रवाळांच्या टाक्यांवरचा प्रकाश इतका निळा असतो की तिथे लाल रंग तपकिरी-काळा दिसतो. मी गडद निळ्यावर लाल अक्षरांत 'फ्लॅश वापरू नका' लिहिलं होतं. पाटी लागली, आणि दिसेना. पिवळा किंवा पांढरा घ्यावा लागला. शिवाय प्रत्येक उजळ फलक समोरच्या काचेत उलटा दिसतो. मोठ्या टाकीत मुशी फिरत होत्या आणि त्यांच्यामधून 'बाहेर जाण्याचा मार्ग' उलट्या अक्षरांत तरंगत होता. ती हिरवी पाटी सुरक्षेची, बंद करता येत नाही, म्हणून तिची जागा हलवावी लागली. नमुना छापून जागेवर, खऱ्या दिव्याखाली लावून बघणं याला पर्याय नाही. प्रकल्पप्रमुख म्हणेल वेळ नाही. स्वतःच्या खर्चाने चार तुकडे छापा आणि सेलोटेपने लावा.

पाण्याची आणखी एक गंमत. काचेजवळून पाहिलं तर पाण्यातला मासा जवळ आल्यासारखा आणि सुमारे एक तृतीयांश मोठा दिसतो. पाटीवर 'लांबी ३० सेंमी' लिहिलं की लोक भांडतात, हा तर हाताएवढा आहे. आम्ही शेजारच्या भिंतीवर प्रत्यक्ष मापाची बाह्यरेषा काढली. लहान मुलं तिच्यावर हात ठेवून मोजायची. सबंध प्रकल्पात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाडकी गोष्ट तीच ठरली.

मटेरिअलचं म्हणाल तर दमट, खारी हवा हा खरा शत्रू. लोखंडी स्क्रू पहिल्या पावसाळ्यात गंजून फलकावर तांबडे ओघळ सोडतात. स्टीलमध्ये ३१६ ग्रेड मागा, ३०४ देतील तर नाही म्हणा. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) कडेने पाणी पितो आणि फुगतो. एसीपीवर (अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या बोर्डवर) लॅमिनेट केलेलं व्हिनाइल, म्हणजे छापील चिकट फिल्म, बरं टिकतं, पण टाकीच्या काचेवर व्हिनाइल लावू नका, थंड टाकीच्या काचेला बाहेरून दव धरतं आणि ते सुटतं. वाचायची तिरकी पट्टी जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवली तर मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही वाचता येते.

पैशाचं सरळ सांगते. कंत्राटात ग्राफिक्स चौरस फुटावर मोजले जातात. मजकूर लिहिणं, नावं तपासणं, चित्रं काढणं, याची ओळच निविदेत नसते. मग ते काम 'डिझायनरच करेल' असं गृहीत धरलं जातं. पहिल्या कामात मी १०० च्या वर पाट्यांचा मजकूर फुकट लिहिला. तुम्ही दर देताना मजकूर, चित्र आणि आर्टवर्क अशा तीन ओळी वेगळ्या करा, आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते लिहून ठेवा.

शिक्षण हवंच असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) प्रदर्शन-रचनेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, मुंबईत आयआयटीचं आयडीसी हे डिझाइन विद्यालय आहे आणि जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकता येते. पण पोर्टफोलिओत मला दहा लोगो नकोत. जवळच्या प्राणिसंग्रहालयातली किंवा संग्रहालयातली एक वाईट पाटी घ्या, तिच्यासमोर लोक काय बोलतात ते लिहा, ती पुन्हा करा, जागेवर ठेवून फोटो काढा. असं एक पान घेऊन येणाऱ्याला मी कामावर घेतलेलं आहे.

शेवटचं, पट्ट्या बदलता येतील अशाच करा. मासे आजारी पडतात, मरतात, दुसऱ्या टाकीत जातात. कायमस्वरूपी छापलेली पाटी तीन महिन्यांत खोटी होते. आम्ही सरकवून बदलता येणाऱ्या पट्ट्या केल्या, एक कोरा संचही दिला. तरी सहा महिन्यांनी मी सहज गेले तेव्हा लेप्याला तपासणीसाठी मागच्या टाकीत हलवलेलं होतं आणि पट्टी तशीच होती. समोर नुसती वाळू. बारा-पंधरा माणसं काचेला नाक लावून दोन डोळे शोधत होती. काहींना तर ते दिसलेसुद्धा.