फरशीवरचा गंजाचा डाग निघत नाहीये? या चुका टाळा

सिलेंडर बाजूला केला की खाली तपकिरी कडं, लोखंडी कपाट सरकवलं की चार पायांचे चार ठसे, हे घरोघरी असतंच. आणि मग सगळ्यात आधी हात जातो ब्लीचच्या बाटलीकडे, गडबड तिथेच सुरू होते. ब्लीचने गंज विरघळतच नाही, उलट लोखंड अजून ऑक्सिडाइझ होतं आणि डाग पक्का बसतो. काहीजण तर ब्लीचने गेला नाही म्हणून त्याच्यावरच टॉयलेट क्लीनर ओततात, हे मात्र चुकूनसुद्धा करू नका, त्यातलं ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन गॅस होतो आणि बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

दुसरी चूक म्हणजे लिंबू आणि खायचा सोडा एकत्र. फसफसतं मस्त, पण दोघं एकमेकांचा जोर मारून टाकतात आणि हातात काय उरतं तर खारट पाणी. गंजाला ॲसिडच लागतं, सोडा नंतर.

पण थांबा, आधी फरशी कुठली आहे ते बघा! मार्बल, शहाबादी, कोटा, कडप्पा, जुन्या बिल्डिंगमधली मोझॅक, या सगळ्यांत चुना असतो, ॲसिड लागलं की डाग जाईल पण तिथली पॉलिश उडून पांढरट चट्टा कायमचा राहील. शंका असेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, बुडबुडे आले की ॲसिडचा नाद सोडा आणि दुकानात मार्बलला चालेल असं स्पष्ट लिहिलेला रस्ट रिमूव्हर मागा.

सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर काम सोपं आहे. चमचाभर लिंबूसत्व थोड्याशा कोमट पाण्यात कालवा, टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, वर प्लास्टिकचा कागद टाका म्हणजे वाळणार नाही, आणि वीसेक मिनिटं हात लावू नका. इथेच लोकांचा धीर सुटतो, लावलं की लगेच घासायला घेतात. नंतर प्लास्टिकच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा, जुना डाग असेल तर परत एकदा करा. शेवटी सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर टाइल्सच्या मधलं सिमेंट ॲसिडने हळूहळू झिजतं.

तारेची घासणी तर अजिबात नको. साध्या लोखंडी तारेचे बारीक तुकडे सांध्यात अडकतात, ओल लागली की तेच गंजतात आणि मग आपण म्हणतो डाग परत आला.

सिलेंडरला ट्रॉली, कपाटाच्या पायांना रबरी बूट घाला, ते स्वस्तात मिळतात. आणि नळाखालीच सारखा केशरी डाग पडत असेल तर बोअरचं पाणी एका पांढऱ्या बादलीत रात्रभर ठेवून बघा. सकाळी तळाशी तांबूस गाळ बसला असेल तर बहुतेक पाण्यातच लोखंड आहे, फरशी कितीही घासा, टाकीच्या आधी आयर्न फिल्टर बसवावा लागेल.