लॅसिक किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे कोरडेच राहिले, तर काय करावे

तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, तरी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, दुपारनंतर चुरचुरतं आणि मोबाइल पाहताना अक्षरं मधूनच पुसट होतात. अशा रुग्णाला "नजर चांगली आहे, थेंब घालत राहा" एवढं सांगून भागत नाही. कोरडेपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि उपाय कारणाप्रमाणे बदलतात.

लॅसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझर ऑपरेशनमध्ये, कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) पातळ पापुद्रा उचलताना त्यातल्या नसा कापल्या जातात. डोळा कोरडा पडतोय, हे मेंदूला याच नसा कळवतात. मग अश्रू सुटतात आणि पापणी मिटते. नसा परत वाढायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं आणि काहींच्या पूर्ववत होत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चीर सहसा २ ते ३ मिलिमीटरचीच असते, त्यामुळे तो त्रास बहुधा तीन महिन्यांत ओसरतो. त्यापुढेही राहिला, तर पापण्यांतल्या तेलग्रंथी आधीपासूनच तुंबलेल्या होत्या का, ते पाहावं लागतं.

पहिली पायरी: तपासणीचे आकडे मागून घ्या

शर्मर चाचणीत कागदाची पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटं ठेवतात. भूल न देता ती १० मिलिमीटरच्या पुढे भिजली, तर पाणी पुरेसं आहे. ५ पेक्षा कमी भिजली, तर अश्रूंची खरीच टंचाई आहे. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात रंग घालून, पापणी न लवता अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत थर फाटला, तर तो अस्थिर मानतात.

दोन्ही आकडे एकत्र वाचा. पट्टी १५ मिलिमीटर भिजली आणि थर मात्र ४ सेकंदांत फाटला, तर पाणी आहे, पण त्यावरचं तेल कमी पडतंय. ते पाणी उडून जातं, डोळा चुरचुरतो आणि मग घळाघळा वाहतो. "पाणी येतं, मग कोरडा कसा?" या प्रश्नाचं उत्तर हेच. अशा डोळ्याला नुसत्या थेंबांपेक्षा शेकाचा उपयोग जास्त होतो. तोंडही सतत कोरडं पडत असेल किंवा सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी अश्रू कमी होतात. म्हणून चालू औषधांची यादी बरोबर न्या, पण गोळी मनाने बंद करू नका.

दुसरी पायरी: थेंबांची बाटली तपासा

खोक्यावर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलं आहे का, ते वाचा. हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध खराब होऊ न देणारं रसायन, वारंवार गेलं की कॉर्नियाच्या पेशींना इजा करतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. काचबिंदूचे थेंबही चालू असतील, तर त्यांचाही विचार व्हायला हवा, कारण त्यांतही बहुधा हेच असतं.

एका वेळी एकच थेंब पुरतो. दुसरा गालावर ओघळतो. वर बघा, खालची पापणी ओढा, टोक कुठेही न टेकवता थेंब सोडा आणि डोळा हळू मिटा. दोन औषधांत किमान ५ मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी लावा. खुपायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी घाला.

गुलाबजल, मध, त्रिफळ्याचं पाणी, काजळ यांपैकी काहीही ऑपरेशन झालेल्या डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं. लाली घालवणारे थेंब काही तासच काम करतात आणि मग लाली वाढते. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

तिसरी पायरी: शेक

तुंबलेलं तेल पातळ व्हायला पापणीला ४० अंशांच्या थोडं वर तापमान काही मिनिटं सलग मिळायला हवं. इथेच बहुतेकांचा शेक फसतो: ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि उरलेला वेळ वाया जातो. गरम पाणी थर्मासमध्ये भरून ठेवा, दोन रुमाल आळीपाळीने बुडवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. डोळे मिटून ८ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा.

लगेच स्वच्छ बोटाने वरची पापणी खाली आणि खालची पापणी वर, पापण्यांच्या केसांकडे हलकेच चोळा. बुबुळावर दाब नको. लॅसिकचा पापुद्रा जोराच्या चोळण्याने किंवा माराने पुष्कळ उशिरासुद्धा सरकू शकतो. म्हणून हे सर्जनला विचारूनच सुरू करा. मोतीबिंदूनंतरच्या पहिल्या महिन्यात तर मुळीच नको. रोज नेमाने केलं, तरी फरक जाणवायला महिनाभर लागतो.

चौथी पायरी: हवा, स्क्रीन, झोप

एसी, कूलर किंवा पंख्याचा झोत तोंडावर येणार नाही अशी जागा घ्या. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवा. स्क्रीन नजरेच्या रेषेखाली आणली की डोळा कमी उघडा राहतो. दर २० मिनिटांनी काही वेळा पापण्या पूर्ण टेकवून मिटा, कारण स्क्रीनपुढे अर्धवटच मिटतात.

सकाळी उठल्याबरोबर सर्वात जास्त खुपत असेल, तर झोपेत डोळा अर्धवट उघडा राहतो का, हे घरच्यांना बॅटरीच्या मंद उजेडात पाहायला सांगा. पापण्यांच्या ऑपरेशननंतर हे हमखास तपासावं. उपाय म्हणजे झोपताना वंगण मलम.

एवढं करूनही राहिलं तर

डोळ्याची सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरुवातीला झोंबतात आणि परिणाम दिसायला तीन महिने लागू शकतात. पंधरा दिवसांत सोडू नका. अश्रू वाहून जाऊ नयेत म्हणून अश्रूनलिकेत बूच बसवणं पाणी कमी असलेल्यांसाठी असतं आणि आधी सूज उतरवावी लागते. त्यापुढे स्वतःच्या रक्तद्रवाचे थेंब किंवा खाऱ्या द्रवाचा साठा धरणारी मोठी कॉन्टॅक्ट लेन्स (स्क्लेरल लेन्स). माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर फार पैसे घालवू नका: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरलं नाही.

आकडे चांगले, कॉर्निया स्वच्छ आणि वेदना मात्र तीव्र, असं असेल तर दुखणं नसांचं असू शकतं. त्याचे उपचार वेगळे असतात, तेव्हा कॉर्नियातज्ज्ञ गाठा. भूल देणारे थेंब घरी कधीही वापरू नका. त्यांनी कॉर्निया वितळू शकतो. नंबर परत आल्यासारखा वाटला म्हणून लेझर पुन्हा करायची घाई नको, कारण कोरड्या डोळ्याचं मोजमापच चुकतं.

नजर अचानक कमी झाली, वेदना तासागणिक वाढली, उजेड सहन होईना, पू आला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. शेक आणि चोळणं तोवर बंद.