बालाघाटावर वाऱ्याच्या रात्री तंबू टाकायचा असेल तर

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या कारखान्यांकडं निघतात. माझी पहिली नऊ-दहा वर्षं त्या गाड्यांबरोबर, फडाच्या कडेला उभारलेल्या कोपीत गेली. बांबू, चटया, वर पाचट आणि ताडपत्री. उघड्या रानात चार-पाच महिने तेच घर. आता मी शाळेत शिकवते आणि हिवाळ्यात भाचरं, मैत्रिणी यांना घेऊन इथल्या बालाघाट डोंगररांगेच्या पठारावर मुक्कामाला जाते. भारीतले तंबू आणलेली माणसं रात्रभर कापडाशी झुंजताना मी पाहिली आहेत. आमचे अण्णा कोपी घालायचे त्याच क्रमानं इथंही जायचं: आधी जागा, मग दोर, कापड सगळ्यात शेवटी.

जागेसाठी सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी वर पोचा. हिवाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, पण डोंगर त्याला वळवतो, म्हणून तिथं उभं राहून बघायचं. चिमूटभर कोरडी माती कमरेच्या उंचीवरून सोडा. पवनचक्क्या दिसत असतील तर फारच चांगलं, कारण त्यांची पाती वाऱ्याकडं तोंड करून असतात. मात्र वर पातं फिरतं तिथला वारा आणि गवतातला वारा एकच असेल असं नाही. शेवटचा शब्द मातीचा.

मांजरसुंब्याचा घाट चढताना लक्षात येईल, बीडच्या अंगाला पठाराचा कडा उत्तरेकडं उतरतो. ईशान्येचा वारा त्या कड्यावर आदळतो, वर चढतो आणि काठाशी आवळून वेग घेतो. नेमकं तिथूनच खालच्या गावांचे दिवे सुंदर दिसतात, म्हणून सगळे तिथंच तंबू टाकतात. मीही टाकला होता, एका जानेवारीत, कड्यापासून दहा पावलांवर. दीडच्या सुमाराला वाऱ्याकडची काठी मोडली आणि तिच्या टोकानं कापड हातभर फाडलं. दोन पोरी बरोबर होत्या. अंधारात सगळं गुंडाळून आम्ही दोनशे-अडीचशे पावलं मागं, एका शेताच्या बांधाआड आलो, तर तिथं गवताची काडीही हलत नव्हती. त्या रात्रीपासून काठावर फक्त बसायला जाते, झोपायला नाही.

खिंडही टाळा, दोन टेकड्यांच्या मधून वारा नळीतून आल्यासारखा येतो. मग दरीच्या तळाशी जावं का? तेही नको. रात्री थंड हवा जड होऊन तिथं साचते, दव पडतं, आणि ओढ्याच्या पात्रात कोणत्याच मोसमात झोपू नये. माथ्यापासून थोडं खाली, वाऱ्याच्या आडच्या उतारावर, बोरी-तरवडाच्या झुडपांमागं किंवा बांधामागं जागा शोधा. झुडूप भिंतीपेक्षा चांगलं. सलग भिंतीवरून वारा उडी मारून पलीकडं गरगरतो; झुडपातून गाळून येतो तेव्हा त्याचा जोर मरतो. झुडपाच्या उंचीच्या पाच ते दहा पट अंतरापर्यंत हा आडोसा पुरतो. म्हणजे छातीएवढी बोर असेल तर दहा-पंधरा पावलांच्या आत तंबू हवा. अगदी बुडाशी नको, काटे कापडात जातात.

सोपी खूण मला एका धनगर बाबांनी सांगितली. मी तंबू काढत होते, ते लांबून बघत होते. जवळ आले आणि म्हणाले, "माय, मेंढरं कुठं बसलीत ते बघ की. रातीला वारं फिरतंय, त्याहिला ठावं असतंय." लेंड्यांचा थर आणि चेपलेलं गवत दिसलं की ती जागा रोजच्या वस्तीची समजा. बाबांना विचारून त्यांच्या मेंढवाड्यापासून थोडं बाजूला थांबा. रान कुणाचं आहे ते विचारणंही तेव्हाच होतं. गायरान असो की खाजगी, गावात सांगून जायचं. नायगावच्या मयूर अभयारण्यासारख्या वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्र काढायची नाही.

आता दोर. इथं खरी अडचण जमिनीची. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तंबूबरोबर आलेल्या बारीक मेखा चार बोटं जातात आणि वाकतात. म्हणून मी मेखांवर भिस्त ठेवत नाही, दगडांवर ठेवते. तणाव्याचं, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोराचं, टोक मुठीएवढ्या लांबट दगडाला निरगाठ मारून बांधा. तो दगड जमिनीवर आडवा ठेवा आणि त्याच्या पुढं, तंबूच्या बाजूनं, दोराच्या वर दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा धोंडा ठेवा. दोर ताणला की लहान दगड धोंड्याच्या पाठीत जाऊन अडकतो आणि वारा जितका ओढतो तितका घट्ट बसतो. नुसता दोरावर धोंडा ठेवला तर दोर खालून सरकतो. पाषाणाची धार दोर कापते, तिथं गोणपाटाचा तुकडा घाला. तणावा लांब सोडा, जमिनीला जवळ जाईल असा. आखूड आणि उभा दोर तंबू वर उचलतो.

दगड उचलताना घाई नको. फुरसं आणि विंचू अशाच दगडांखाली असतात. आधी काठीनं हलवा, मग पलीकडची कड धरून दगड आपल्याकडं उलटवा, म्हणजे खालचं जे काही असेल ते समोरच्या बाजूनं निघून जातं आणि मधे दगड राहतो. हे उजेडातच करायचं. अंधारात एकही दगड उचलू नका. साप चावलाच तर बांधाबांध, चिरे काही नाही. चावलेला भाग हलवू न देता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

तंबू उभा करताना त्याची निमुळती बाजू वाऱ्याकडं, दार उलट्या अंगाला. अण्णा कोपीचं दार असंच ठेवायचे. आत चूल पेटली की धूर बाहेर ओढला जायचा. कापड पसरायच्या आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे दगडांना बांधून घ्या, आत जड पिशव्या टाका, आणि मगच काठ्या घाला. एकट्यानं करायचं असेल तर कापडावर गुडघा टेकून बसा. झोपायच्या आधी सगळे तणावे पुन्हा ओढा, कारण नायलॉन दवानं सैल पडतो. मध्यरात्री जाग आली तर परत एकदा. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि सैल दोराला तो हिसके देऊन तोडतो.

जेवणाचं मी सोपं ठेवते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दोन दिवस टिकतं, काही पेटवावं लागत नाही. चहा थर्मासमध्ये. डिसेंबरात कुसळी गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी अख्खा माळ नेते आणि त्याबरोबर मेंढरांचा उन्हाळ्यापर्यंतचा चारा, त्यामुळं शेकोटी नाहीच. गॅसची शेगडी लागलीच तर दगडांच्या आडोशाला, उघड्या मुरमावर. तंबूच्या आत कधीच नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं माणूस झोपेतच जातो. पाणी माणशी चार लिटर खालून न्या.

अंथरायला जाड चटई, वर वाकळ, पांघरायला घोंगडी. कानटोपी डोक्यावर ठेवूनच झोपा. उरलंसुरलं अन्न बंद डब्यात, आणि लघवीला जाताना दोघांनी, बॅटरी घेऊन. आष्टीकडं २०२० च्या हिवाळ्यात बिबट्यानं माणसं मारली होती, ते आम्ही विसरलेलो नाही. लहान मुलांना मधे झोपवा.

निघायच्या आधी मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघताना सरासरीपेक्षा झोताचा, म्हणजे मधेच येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, आकडा बघा. झोत ताशी ३० किलोमीटरपर्यंत असतील तर मजेत झोपाल. ५० च्या पुढं दिसले तर मी मुलांना घेऊन जात नाही. वळवाच्या दिवसांत, वीज कडाडायची शक्यता असेल तेव्हा माथ्यावर अजिबात नको. आणि जाल तेव्हा उतरायची वाट उजेडात एकदा चालून ठेवा, जवळच्या गावातल्या देवळाचा सभामंडप बघून ठेवा. रात्री निघायची वेळ आली तर तंबू तिथंच दगडाखाली दाबून ठेवायचा आणि माणसं घेऊन उतरायचं. कापड सकाळी आणता येतं.

सकाळी आवरताना उलटा क्रम: आधी काठ्या काढा, कापड जमिनीवर निजवा, दाराकडून हवा दाबत वारा येतो त्या बाजूकडं गुंडाळत या, आणि वाऱ्याकडचे दोन दोर सगळ्यात शेवटी सोडा. मग प्रत्येक धोंडा जिथून उचलला त्या खळग्यात परत ठेवा.