गच्चीवरच्या हवेत काय उडतंय, घरीच बघा

ऊसतोड सुरू झाली की आमच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या पांढऱ्या शर्टावर काळी झुरळं बसल्यासारखी दिसतात, ती जळालेल्या पाचटाची (उसाच्या वाळक्या पानांची) राख, हात लावला की पसरलीच म्हणून समजा.

तर एक जाड पांढरा कागद घ्या, त्यावर व्हॅसलिनचा पातळ थर लावा (पातळच हां, मी पहिल्यांदा थापलं आणि नुसत्या मुंग्याच चिकटल्या) आणि गच्चीवर दगडाखाली ठेवा, २४ तासांनी मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. लांबट काळे धागे म्हणजे पाचट नाहीतर गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख, तांबूस कण म्हणजे रस्त्याची माती. दुसरा कागद रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला तर फरक लगेच कळतो.

पण खरा त्रास देणारं यात दिसतच नाही भावा. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान, ते थेट फुफ्फुसात खोल जातात. आणि वायू तर कागदावर चिकटणारच नाहीत. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, एरवी गरीब बिचारा, पण इंजिनच्या उष्णतेत ऑक्सिजनशी जुळला की नायट्रोजन ऑक्साईड, मग ऊन लागलं की त्यातूनच जमिनीलगत ओझोन बनायला मदत होते. त्यासाठी समीर ॲप (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) टाका. हवेतल्या पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर आपल्या देशाची मर्यादा ओलांडली.

थंडीत रंकाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी जरा ऊन पडू द्यावं, गार हवा खाली बसते आणि धूर तिथंच अडकतो.