कट्ट्यावर नाटकाविषयी बोलायचंय : नव्या नट-नटींसाठी

एखादी एकांकिका गाजली, पुरुषोत्तम करंडकासारख्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत किंवा राज्य नाट्य स्पर्धेत नाव झालं, की महिन्याभरात फोन येतो. वाचनालयाचा, ज्येष्ठ नागरिक संघाचा, नाहीतर ठाण्यातल्या आचार्य अत्रे कट्ट्यासारख्या एखाद्या कट्ट्याचा. "आमच्याकडे या, नाटकाविषयी तासभर बोला." ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन आणि २७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन यांच्या आसपास तर अशी बोलावणी हमखास येतात. नट हो म्हणतो आणि तयारी करत नाही, कारण माणसांसमोर उभं राहायची त्याला सवय असते. ती सवय इथे अर्धीच उपयोगी पडते. नाट्यगृहात समोर अंधार असतो, वाक्यं लेखकाची असतात, समोरचा नट क्यू देतो, म्हणजे ज्यावर आपण बोलायचं ते वाक्य. कट्ट्यावर ट्यूबलाइट चालू असतात, पहिल्या रांगेतल्या काकांची जांभई स्पष्ट दिसते आणि वाक्यं आपली आपणच जुळवायची असतात.

हो म्हणतानाच फोनवर काही गोष्टी विचारून घ्या. माणसं साधारण किती, वयं काय, बंद सभागृह आहे की बाग किंवा गच्ची, माइक किती, एकट्याने बोलायचं की मुलाखत आहे, चित्रीकरण होणार का. मानधन आणि प्रवासखर्चही तेव्हाच. बऱ्याच कट्ट्यांवर शाल, श्रीफळ आणि एखादं पुस्तक देतात. तसं असेल तर आनंदाने जावं, पण ते आधी माहीत असलेलं बरं. "मानधनाची तुमच्याकडे काय पद्धत आहे?" असं सरळ विचारलं तर कुणी रागवत नाही. परिचय मात्र स्वतः लिहून पाठवा : पाच ओळी, ८० शब्दांच्या आत, नाटकांच्या नावांपुढे लेखक-दिग्दर्शकांची नावं बिनचूक. तो पाठवला नाही तर सूत्रसंचालक इकडून तिकडून माहिती जमवतो आणि तुम्ही कधीच न केलेल्या मालिकेचं नाव माइकवरून वाचलं जातं.

वेळेचा हिशेब कागदावर करा. सहाचा कार्यक्रम सव्वासहाला सुरू होतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, परिचय यांत आणखी १५-२० मिनिटं जातात, आणि सव्वासात वाजले की ज्येष्ठ मंडळींची चुळबुळ सुरू होते. म्हणजे "तासभर" या शब्दाचा अर्थ ४० मिनिटं. त्यातली २५ बोलण्याला, १५ प्रश्नांना. मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. करून दाखवण्याचा वेळ वजा केला तर तुमच्या हाती जेमतेम दोन हजार शब्द उरतात. पूर्ण भाषण लिहून पाठ करू नका. नटाचं पाठांतर पक्कं असतं, त्यामुळे पाठ केलेलं भाषण लगेच भूमिकेसारखं वाजायला लागतं आणि ऐकणारे "छान बोलतो हो" म्हणत मनातून दूर जातात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा-सात मुद्दे ठळक अक्षरात लिहा आणि वेळ कमी पडला तर कोणते दोन गाळायचे त्यांवर आधीच खूण करून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक नवे नट "माझा प्रवास" सांगतात : शाळेचं स्नेहसंमेलन, घरच्यांचा विरोध, पहिलं बक्षीस. पंचविशीतल्या माणसाचा प्रवास दहा मिनिटांत संपतो, मग तीच आभाराची वाक्यं फिरून फिरून येतात. समोरच्यांनी आयुष्यभर नाटकं पाहिलेली असतात. तालीम मात्र त्यांनी कधीच पाहिलेली नसते. तीच दाखवा. एक प्रवेश निवडा आणि तो पहिल्या वाचनापासून रंगीत तालमीपर्यंत कसा बदलत गेला ते सांगा. वाचनात कुठला शब्द अडला, दिग्दर्शकाने कुठली हालचाल काढून टाकली, नेपथ्यातला सोफा प्रत्यक्षात आल्यावर तीन पावलांची जागा कशी कमी पडली, खऱ्या कपबशीचा आवाज वाक्यावर येतो म्हणून चहाचा घोट कुठे सरकवला. एवढ्या तपशिलावर २५ मिनिटं सहज भरतात, आणि ऐकणारा पुढचं नाटक वेगळ्या नजरेने पाहतो.

सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं जास्त पोचतं, पण ते छोटं हवं. "दार लावून घे" एवढं तीन शब्दांचं वाक्य घ्या. एकदा पाळण्यातलं मूल नुकतंच झोपलंय म्हणून म्हणा. एकदा घर कायमचं सोडून जाणाऱ्याला म्हणा. एकदा जिन्यात पोलिसांची पावलं वाजताहेत म्हणून. प्रत्येक वेळी परिस्थिती आधी सांगू नका, आधी म्हणा, मग "काय चाललंय?" असं सभेला विचारा. उत्तर चुकलं तरी चांगलंच. तिथून आवाजाची पट्टी, नजर आणि थांबा (बोलण्यातली शांतता) या तिन्ही गोष्टी समजावता येतात. थांबा म्हणजे काय हेही मोजून दाखवा : मनात दोन आकडे मोजून बोललेलं वाक्य आणि पाच आकडे मोजून बोललेलं वाक्य. पाच आकड्यांची शांतता बोलणाऱ्याला फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला वाटत नाही. हा फरक सभागृहाने एकदा अनुभवला की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

हशाचंही तसंच. विनोदी नाटकात हशा आला की पुढचं वाक्य नेमकं कधी घ्यायचं, हा प्रश्न प्रेक्षकांना कधी पडलेला नसतो, आणि उत्तर त्यांना फार आवडतं. हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरायला लागतो. तो बराचसा उतरला, पण पुरता विझला नाही, अशा क्षणी वाक्य घ्यायचं. लवकर घेतलं तर शब्द हशात बुडतात. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर लय पडते आणि पुढचा हशा पहिल्यापासून उभा करावा लागतो. थांबलेल्या वेळात नट नुसता उभा राहिला तर चित्र मरतं, म्हणून हाताला काम हवं : वर्तमानपत्राची घडी, चष्मा पुसणं, काहीही.

संवाद दोघांचा असेल तर दोन्ही भूमिका आवाज बदलून एकट्याने करू नका, ती नक्कल होते. दहा-बारा वाक्यांचा प्रवेश मोठ्या टायपात छापून न्या, दोन प्रती. समोरच्यांतून कुणाला तरी क्यूची वाक्यं वाचायला बोलवा. वाचणारी व्यक्ती अडखळली, घाईत वाचली, की त्या घाईने तुमचं वाक्य कसं बदलतं हे लोकांना समोरच दिसतं. "अभिनय म्हणजे ऐकणं" हे नुसतं सांगून पटत नाही, इथे ते दिसतं. निवडलेला उतारा चार मिनिटांच्या वर नको. रडण्याचा, किंचाळण्याचा प्रवेश ट्यूबलाइटखाली आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांपुढे करू नये. प्रकाश, नेपथ्य आणि आधीच्या दीड तासाचा आधार नसताना तो उसना वाटतो.

उतारा कुणाचा, हाही विचार हवा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. गोविंद बल्लाळ देवल (निधन १९१६) किंवा राम गणेश गडकरी (निधन १९१९) यांचं लेखन आता मोकळं आहे आणि त्यातली भाषा तोंडात घोळवून दाखवायला उत्तम आहे. हयात लेखकाचा उतारा असेल तर त्यांना फोन करून विचारा. दोन मिनिटांच्या वाचनाला सहसा नकार येत नाही. चित्रफीत नेटवर चढणार असेल तर तेही सांगा, कारण सभागृहात वाचायला दिलेली परवानगी तिथे आपोआप लागू होत नाही. चालू नाटकाचा शेवट, आणि तालमीतल्या सहकलाकाराच्या चुका, कॅमेरा असो वा नसो, बोलू नका.

माइक नटाला फसवतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असते, तोच आवाज माइकवर फाटतो. बोलण्याचा आवाज ठेवा, माइक हनुवटीच्या बाजूने किंचित तिरपा, ओठांपासून चार बोटांवर. अगदी ओठांसमोर धरला तर प, फ, भ फुटतात. जाळीभोवती मूठ आवळली की शिट्टी येते, माइक घेऊन स्पीकरच्या पुढे गेलात तरी येते. त्यामुळे फिरून करून दाखवायचा भाग असेल आणि माणसं पन्नासच्या आत असतील तर त्या वेळेपुरता माइक खाली ठेवा आणि पंखे बंद करायला सांगा. पंखे चालू राहिले तर वाक्याच्या शेवटचे शब्द आधी हरवतात, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तिथेच आपला श्वास संपत आलेला असतो. कार्यक्रमाआधी तासभर वडे, मिसळ, थंड काही नको. दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, चार-पाच वेळा जबडा सैल करून जांभई द्या, कोमट पाणी प्या.

प्रश्न बहुतेक तेच येतात. "एवढं पाठ कसं होतं?" याला खरं उत्तर असं, की वाक्यं हालचालीबरोबर आणि समोरच्याच्या शेवटच्या शब्दाबरोबर पाठ होतात, नुसती यादी पाठ होत नाही, तेही लगेच करून दाखवता येतं. "मालिका बरी की नाटक?" यावर वाद घालू नका, कामातला फरक सांगा : तिथे तुकड्यांत काम, इथे सलग दोन तास. "पोट भरतं का?" या प्रश्नाला टाळू नका. नाइटवर, म्हणजे दर प्रयोगामागे, पैसे मिळतात, प्रयोग कमी झाले की उत्पन्न थांबतं, म्हणून अनेक जण नोकरी, शिकवणी, आवाजाची कामं जोडीला ठेवतात. "मुलीला यात जायचंय" म्हणणाऱ्या पालकांना ठोस नावं द्या : पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघायला सांगा. प्रश्नाचं भाषण करणारे एक-दोघे असतातच. त्यांच्या बोलण्यातला एक शब्द पकडून त्यालाच उत्तर द्या आणि नजर दुसऱ्या हाताकडे वळवा.

आभार झाल्यावर लगेच निघू नका. चहाच्या वेळी मागे उभी असलेली, सभेत न बोललेली दोन-तीन मुलं जवळ येतात. त्यांना काय वाचायचं याची लांब यादी देऊ नका. ज्या गटात तुम्ही काम करता तिथल्या दिग्दर्शकाला आधी विचारून ठेवा, आणि तालीम कुठे, कुठल्या वारी, किती वाजता असते आणि कोपऱ्यात बसून बघायला चालेल का, तेवढं कागदावर लिहून द्या.